अंगुस्तानाला अठ्ठ्याण्णव

कापडाच्या गोदामात माणसं दाटीवाटीनं बसली होती. करोनाची लाट ओसरायचं नाव घेत नव्हती. निरोगीबाबा मात्र मास्क गळ्यात लोंबता ठेवून खुर्चीत ऐसपैस बसले होते.

“मधुमेह, दमा, रक्तदाब हे आजार नव्हेत, बाळांनो. मनाचे किडे आहेत. गोळ्या सोडा, माझं पाणी घ्या. करोना दारात येईल आणि पत्ता चुकला म्हणून परत जाईल.”

पुराव्याला बाबांचं प्राणयंत्र होतं. चिमटा बोटाला लावला की लाल दिवा लागे आणि आकडा उमटे, अठ्ठ्याण्णव. दम्यानं जर्जर म्हाताऱ्या सुतारालाही तेवढाच. लोक हात जोडत.

शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नवरा बाकावर बसला होता. मधुमेह जुना, पण बाबांचं पाणी सुरू केल्यापासून त्यानं इन्सुलिन बंद केलं होतं. आता अंगात ताप होता आणि एक वाक्य पुरं करायला तो दोनदा थांबत होता.

“दवाखान्यात चला हो,” शेजारी उभ्या बाई म्हणाल्या.

“आत्ताच... अठ्ठ्याण्णव आला ना. तुझा आपला... काळजीचा कारखाना.”

“बाईंना शंका आहे वाटतं,” बाबा हसले. “या, तुमचाही प्राण बघू.”

बाई काज करताकरता हातातलं टाकून नवऱ्यामागे धावत आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. यंत्र घेऊन उभ्या असलेल्या शिष्यानं न बघताच चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव.

बाईंनी बोटाकडे पाहिलं. सुई टोचू नये म्हणून घालायची पितळी टोपी, अंगुस्तान, बोटावर तसंच होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते जाणवेनासं झालं होतं. यंत्रानं त्यांच्या कातडीला स्पर्शही केला नव्हता.

त्यांनी बोट सोडवलं आणि नुसतं अंगुस्तान चिमट्यात धरलं. अठ्ठ्याण्णव.

“बाबा, माझं अंगुस्तान श्वास घेतंय.”

कुणीतरी खुसखुसलं. सुतारानं कानावरची पेन्सिल काढली. “हिचंही बघा.” अठ्ठ्याण्णव. “माझ्याइतकीच ठणठणीत आहे की.”

“अश्रद्ध हातांत यंत्र...” बाबांनी सुरुवात केली. ऐकायला बाई थांबल्या नाहीत. यंत्र मुठीत आणि नवऱ्याचं बखोट हातात धरून त्यांनी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंच्या यंत्रानं नवऱ्याचा आकडा पंच्याऐंशी दाखवला. ऑक्सिजनची नळी लावून झाल्यावर त्यांनी बाबांचं यंत्र उघडलं.

“एक सेल, एक दिवा आणि आधीच ठरवलेला आकडा. खरं यंत्र बोटातून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतं. पितळेतून प्रकाश जाईल कसा?”

“हे वाचतील ना?”

“आताच सांगता येत नाही. मधुमेह असला म्हणजे माणूस जातोच असं नाही, बाई. पण साखर मोकाट सुटली की करोना फार जोरात धरतो. म्हणून तर औषध सोडायचं नव्हतं, आणि ताप येताच इथे यायचं होतं.”

तो वाचला. आजही जिना चढताना मध्ये टेकतो, पण इन्सुलिन चुकवत नाही. औषध सोडल्याची बढाई कुणी बाईंच्या शिवणाच्या दुकानात मारली, की त्या अंगुस्तान त्याच्यापुढे ठेवतात.

“यालाही तुमच्या बाबांकडे घेऊन जा,” त्या म्हणतात. “आणि हात जोडायच्या आधी याचा आकडा बघा.”