खडखड माझीच होती

मित्रांनो, माझ्या लाकडी पोटात ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी बसवलेली आहे. तार छेडली की ती थरथरते आणि माझा आवाज घरभर घुमतो. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवायची गिटार आहे मी. आता म्हातारी झाले, तरी एका गोष्टीची लाज अजून जात नाही.

नागपूरला इंदोऱ्यात रुपराव मास्तरांकडे मी होते. दिवसा ते रेल्वेत फिटर, संध्याकाळी शिकवणी. प्रेमिला त्यांची सगळ्यात गुणी शिष्या. तिची कांडी तारेवरून अशी सरके, की मास्तर तंबाखू मळायचे थांबत.

१९७३च्या बुद्धजयंतीला विहारापुढे तिचं वादन ठरलं. आदल्या दिवशी माझ्या दोन तारा तुटल्या. मास्तर सीताबर्डीला दुकानात गेले, तर जाड तारा संपलेल्या.

"हा दहा नंबरचा संच नेऊ नका मास्तर," दुकानदार म्हणाला. "तुमच्या पहिल्या तारेले जाड, सोळा नंबरची लागते. ह्या पातळ तारा बोटानं दाबाच्या गिटारीच्या. कांडीच्या वजनानं खाली बसतीन."

"तारच हाय न गा! चालते," म्हणत मास्तरांनी तोच संच घेतला. माझ्या सगळ्याच तारा बदलल्या, सूर लावला, पण कांडी काही फिरवून पाहिली नाही.

मांडवात प्रेमिलाने कांडी टेकवली मात्र, तारा दबून माझ्या मानेवरच्या पट्ट्यांवर आपटू लागल्या. खडखड, खडखड! पोटातली वाटी तर जागीही झाली नाही. लोक हसले. पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्या वडिलांनी, रामाजींनी, मान खाली घातली. मास्तरांनी घाईघाईने माइक ओढला.

"माफ करा मंडळी, पोरीचा हात अजून कच्चा हाय."

खडखड माझी होती आणि आळ तिच्या हातावर आला. प्रेमिला कांडी ठेवून उतरली, ती पुन्हा शिकवणीला आली नाही.

घरी मास्तरांनी स्वतः वाजवून पाहिलं. तीच खडखड! मग त्यांनी कलकत्त्याहून जाड तारा मागवल्या. महिन्याभरात माझा आवाज पहिल्यासारखा भरला. पण प्रेमिलाकडे जायला पाय उचलेना. "मास्तर होऊन चुकलो म्हणू कसा?" असं ते बायकोला, सुभद्राबाईंना, म्हणत.

शेवटी न राहवून दीड वर्षाने ते मला घेऊन उमरेडच्या एसटीत बसले. तिथल्या शाळेत प्रेमिला आता शिकवत होती.

"जयभीम मास्तर. बसा न."

मास्तर उभेच राहिले. "तुहा हात कच्चा नव्हता वं. तारा चुकीच्या होत्या. दुकानदारानं सांगतलं होतं मले."

तिने मला त्यांच्या हातून घेतलं. मग म्हणाली, "दोन महिने झाले, बाबा गेले. शेवटपर्यंत म्हणत, पोरीले म्याच हौसेनं स्टेजवर चढवलं अन् तिचं हसं झालं. हे त्यायले ऐकाले भेटाले पाहिजे होतं मास्तर."

तिने अंगठ्याने माझी एक तार छेडली. तो सूर विरेपर्यंत थांबली, मला परत मास्तरांच्या हाती दिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

मित्रांनो, वाद्याला त्याच्याजोगी तार लावा, त्याची निगा राखा. आणि कुणावर खोटा आळ घातलात, तर तो ज्यांच्या जिव्हारी लागला, ती माणसं आहेत तोवर आपली चूक कबूल करा.