तुरीचं वरण

लकव्याने देवकाबाईंची वाचा गेली आणि समुद्रपूरच्या त्या दोघांच्याच घरात स्वयंपाक बबनरावांच्या अंगावर पडला. एसटी चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. डब्यांतल्या तीन पिवळ्या डाळींपैकी वरणाची कोणती, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तिन्ही डाळी ताटलीत काढून ते बायकोच्या खाटेपाशी आले.

“तूर कोणती वं? हे बारीक?”

देवकाबाईंनी नकारार्थी मान हलवली. तो मूग होता. जाड हरभऱ्यालाही नकार मिळाला. चपट्या, गोल डाळीवर बोट ठेवल्यावर मात्र त्यांनी डोळे मिटून होकार दिला.

दोन तासांनी वरण-भात झाला. बबनरावांनी एकेक घास भरवला, देवकाबाईंनी सगळी वाटी संपवली. मग ते स्वतः जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला थांबले. वरणात मीठच नव्हतं. मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी आजवर कितीदा तरी भरलं ताट सरकवून दिलं होतं.

“अळणी होतं तं सांगाचं न मले!” ते ओरडले, आणि आपण काय बोललो ते उमगून तिथेच रडू लागले.

खाटेवरून देवकाबाईंचा डावा हात हळूच त्यांच्या खांद्यावर आला.