लिनेओची आई

आपल्या हातून सगळ्यात मोठी चूक कोणती झाली, असं मा-थुसोला वर्षापूर्वी कुणी विचारलं असतं, तर तिने हसून सांगितलं असतं, "नवऱ्याला सोन्याच्या खाणीत जाऊ दिलं, ती." आता विचारलं तर ती गप्प बसते. आणि मा-थुसो गप्प बसली की गावाला काळजी वाटते, कारण एरवी तिचं तोंड म्हणजे चालू गिरणी.

सून घरात आली त्या दिवशी मेंढा कापला, तिच्या खांद्यावर नवी घोंगडी टाकली आणि चारचौघांत सासूनेच तिचं नाव ठेवलं. मा-लिनेओ. लिनेओची आई. लिनेओ हे मा-थुसोच्या सासूचं नाव. आमच्याकडे रीतच तशी, सुनेला आईपण आधी मिळतं, लेकरू मागाहून येतं. केनेवे हे तिचं माहेरचं नाव त्या दिवशी उंबऱ्याबाहेर राहिलं. नांदत्या सुनेला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. मारली, तर समजायचं की बाईचं बोचकं बांधायला घेतलंय.

तीन वर्षं झाली. गाव मा-लिनेओ मा-लिनेओ करत राहिलं आणि लिनेओ काही आली नाही. मा-थुसोचा मुलगा थुसो बापासारखाच सीमेपलीकडच्या खाणीत, वर्षातून दोनदा घरी, नाताळला आणि ईस्टरला. पोर यायची तरी कुठून? एकदा दिवस राहिले होते, पण तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. ते फक्त सासूला आणि सुनेला ठाऊक होतं.

मग पोट दुखायला लागलं. दुखणं तरी कसलं, खाल्लं की अर्ध्या तासात पोरगी पोट धरून संडासाकडे पळायची. रक्त पडायचं. अंग वाळत चाललं तशी बायकांची कुजबुज सुरू झाली, कारण आमच्याकडे बारीक झालेल्या बाईला एकाच रोगाचं नाव चिकटतं, एड्सचं. मा-थुसोने पाण्याच्या नळावर उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "तपासणी झालीय, तसलं काही नाही. आणि असतं तरी तुमच्या बापाचं काय गेलं असतं?" खालच्या दवाखान्यात आतड्याचा क्षय म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. छातीच्या फोटोत जुना डाग होताच. गोळ्या संपल्या, दुखणं होतं तिथेच. शेवटी सीमा ओलांडून ब्लुमफोंतेनच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे दुर्बीण घालून आतडं बघितलं आणि सांगितलं की हा क्षय नव्हेच. हा क्रोन नावाचा आजार. शरीर आपल्याच आतड्यावर उठतं. जन्माचा सोबती.

"म्हणजे घरभेदीच की," मा-थुसो म्हणाली.

डॉक्टर मोलेत्साने बाई चांगल्या होत्या, आपल्याच भाषेत बोलायच्या. पहिल्या गोळ्यांनी सुनेचा चेहरा गोल झाला, भूक लागली, सगळ्यांना वाटलं पोरगी सुधारली. पण डॉक्टर म्हणाल्या, ह्या गोळ्यांवर राहता येणार नाही, हाडं पोखरतात. दुसऱ्या गोळ्या दिल्या, तर तीन आठवड्यांत स्वादुपिंड सुजलं. त्या बंद झाल्या. मग जानेवारीत डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सगळं मांडलं.

"आता नीट ऐका. शिरेतून द्यायचं एक औषध आहे, ते चांगलं आहे. पण तुमच्या देशात सरकारकडून मिळत नाही, आणि छातीत झोपलेला क्षय त्याने जागा होऊ शकतो. दुसरं, ह्याच गोल चेहऱ्याच्या गोळ्या पुन्हा पुन्हा घेत राहायच्या. त्याने दिवस ढकलता येतील, पण आतडं शांत होणार नाही. एका जागी ते आधीच अरुंद झालंय, तिथे कधी फुटेल सांगता येत नाही. तिसरं, ह्या पिवळ्या गोळ्या. आठवड्यातून एकदाच, बुधवारी. त्या लागू पडतील असं मला वाटतं. पण त्या चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही. अजिबात नाही. पोटातल्या बाळाला त्या विष आहेत."

"किती दिवस?" मा-थुसोने विचारलं.

"दोन वर्षं. कदाचित तीन. मग सगळं शांत असलं तर थांबवून बघू. शब्द मात्र देत नाही. ईस्टरनंतर परत या, तोवर रक्ताचा अहवाल तुमच्या दवाखान्यातून मागवते."

सून खाली मान घालून बसली होती. तिने एकच विचारलं, "आणि गोल चेहऱ्याच्या गोळ्यांवर मूल होतं का?"

"होऊ शकतं. पण आतड्याला आग लागलेली असताना ते टिकणं कठीण. तुला ते माहीत आहे, हो ना?"

तिला माहीत होतं.

घरी येऊन आठ दिवस नुसता विचार चालला. इकडे आड, तिकडे विहीर. थुसोला फोन केला तर तो म्हणाला, "आई म्हणेल तसं." पुरुषांचं हे बरं असतं. मा-थुसो चुलीपुढे बसून मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, पापा, घोटत होती आणि डोक्यात सासूबाईंचं नाव घोळत होतं. तिला नातवंड हवं होतं, खोटं कशाला बोला? पण समोर बसलेली पोर पापाचा एक घास तोंडात घालून पोट दाबायची, ते तिला बघवत नव्हतं. ती सुनेवर जीव टाकायची, फक्त तसं कधी म्हणाली नव्हती. आठव्या दिवशी तिने घोटणं पाप्यात तसंच सोडलं आणि म्हणाली, "पिवळ्या गोळ्या घे."

"आणि लिनेओ?"

"ती कुठे जातेय? जन्माला यायचंय तिला, थांबेल. तूच राहिली नाहीस तर ती कुणाच्या पोटी येणार?"

सून रडली. मा-थुसोने डोळे पुसायला घोंगडीचं टोक पुढे केलं नाही, पापा करपतोय म्हणून ओरडली.

तेव्हापासून दर बुधवारी सून डबा काढायची. पिवळ्या गोळ्या बुधवारी, आणि त्यांची बाधा होऊ नये म्हणून गुरुवारी फॉलिक ॲसिडची एक साधी गोळी. सगळं सुरळीत होतं. आणि इथेच मा-थुसोने माती खाल्ली.

झालं असं, की मा-फाको शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय गं मा-लिनेओ, लिनेओ काय चालत यायची आहे का डोंगरावरून?" सुनेच्या हातातली बादली हिंदकळली. मा-थुसोने ते पाहिलं आणि तिला तिचे स्वतःचे दिवस आठवले. थुसो चौथ्या वर्षी झाला. ती चार वर्षं 'मा-थुसो, मा-थुसो' ही हाक तिला काट्यासारखी टोचायची. रिकाम्या पोटाला आईपणाची हाक. ह्या पोरीला तर आता आणखी तीन वर्षं तेच ऐकायचंय, आणि तेही आपण स्वतः गोळ्या घे म्हणालो म्हणून. निदान घरात तरी तिला टोचायला नको, असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा ओतला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात हाक मारली, "केनेवे, ये गं, चहा घे."

सून दारात थांबली. मग येऊन तिने चहा घेतला.

बिचारीला बरं वाटलं असेल, असं मा-थुसोला वाटलं. मग घरात तीच हाक सुरू झाली. केनेवे, मीठ दे. केनेवे, आज पालेभाजी खाऊ नकोस, तुला सोसत नाही. सून पहिल्यापेक्षा जास्त काम करायला लागली. पहाटे उठून अंगण झाडायची, सांगायच्या आधी पाणी आणायची, ज्वारी कांडायची. मा-थुसो मनात म्हणाली, पिवळ्या गोळ्या लागू पडल्या.

ईस्टरला थुसो दहा दिवस घरी राहून गेला. तो गेल्यावर सुनेच्या चेहऱ्यावर कसलंसं समाधान होतं. परत दवाखान्यात जायचं नाव काढलं की म्हणायची, "बरं वाटतंय आई, पुढच्या महिन्यात जाऊ." पोट दुखायचं, पण ती सांगायची नाही. सून सांगत नाही. आमच्या सुना पडेपर्यंत उभ्या असतात, आणि आम्ही सासवा त्याचं कौतुक करतो.

मे संपता संपता एका दुपारी ती कांडता कांडता उखळाशेजारीच कोसळली. पोट लाकडासारखं कडक, अंगात ताप, ओठ पांढरे. मा-थुसोने आरडाओरडा करून गाडी मिळवली, चादर घेतली, आणि डॉक्टरांना दाखवायला औषधांचा डबाही घेतला. वाटेत सुनेचं डोकं मांडीवर घेऊन तिने डबा उघडला. साध्या गोळ्या संपत आल्या होत्या. पिवळ्या होत्या तशा होत्या. सगळ्या. पाकीट फाडलंसुद्धा नव्हतं.

मा-थुसोने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. फॉलिक ॲसिडची ती गोळी खालच्या दवाखान्यात गरोदर बायकांना देतात, हे गावातल्या शेंबड्या पोरीलाही माहीत आहे.

ब्लुमफोंतेनला रातोरात पोट उघडलं. अरुंद जागी आतडं फुटलं होतं. हातभर आतडं काढलं, पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी लावली. डॉक्टर मोलेत्साने बाई सकाळी बाहेर आल्या आणि मा-थुसोच्या शेजारी बाकड्यावर बसल्या.

"जगेल," त्या म्हणाल्या. "तिला दिवस गेले होते, सात आठवड्यांचे. ते राहिलं नाही."

मा-थुसोने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. झाडणाऱ्या बाईने दोनदा पाय उचलायला सांगितले, ते तिला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून शुद्धीवर आली. मा-थुसो पलंगाला टेकून उभी राहिली.

"गोळ्या का नाही घेतल्यास?"

सून छताकडे बघत होती. "तुम्ही माझं नाव काढून घेतलंत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला कळलं की गोळ्या घेतल्या तर मी ह्या घरची राहणार नाही. म्हटलं, लिनेओ आली की तुम्ही परत तशी हाक माराल."

"अगं, मी ते तुझ्यासाठी... तुला टोचू नये म्हणून गं. मला टोचायचं ना. मला चार वर्षं टोचलंय ते."

"मग तसं सांगायचंत."

"तू विचारायचंस."

"सुनेने विचारायचं असतं का, आई?"

मा-थुसोनेही आपल्या सासूला कधी काही विचारलं नव्हतं. तिने सुनेचा हात धरला. हात गरम होता आणि हाडं हाताला लागत होती. ती वाकली आणि भर वॉर्डात, शेजारच्या पलंगांवरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मा-लिनेओ. माझी मा-लिनेओ. बरी हो, आपण घरी जाऊ."

सुनेने हात सोडवला नाही. फक्त मान दुसऱ्या बाजूला वळवली.

"केनेवेच म्हणा, आई," ती म्हणाली. "लिनेओ येऊन गेली."