पाव टक्क्याचा रकाना

"बापूसाहेब, बेसिस पॉइंट तं मी झोपेत बी टाकतो," गोपाल टेकाडे फोनवर म्हणाला. आवाज मुद्दाम चढवलेला, म्हणजे काउंटरवरच्या रागिणीलाही ऐकू जावं. "एका टक्क्याचे शंभर भाग करा, त्यातला एक भाग म्हंजे एक पॉइंट. पंचवीस पॉइंट म्हंजे पाव टक्का. ठेवीचा दर आठाचा सव्वाआठ. तुमी चहा संपवा, तवर झालं समजा."

बापूसाहेब पतसंस्थेचे अध्यक्ष, हेड ऑफिस अकोल्याला. गोपाल अमरावती शाखेचा मॅनेजर. अकोल्यातली मोठी खुर्ची रिकामी झाली होती, आणि ती आपल्यासाठीच रिकामी झाली असं गोपालचं मत होतं. त्याच्या बायकोनं, अनुपमानं, तर अकोल्यात भाड्याचं घर पाहून पडद्यांचं मापही आणलं होतं.

"मी निंगून राहिलो आता," बापूसाहेब म्हणाले. "दुपारी तुह्याच शाखेत येतो. दर बरोबर लागला असन तं अकोला. नाई तं तिकडं मेळघाटात धारणीची शाखा बी खालीच आहे."

गोपालनं संगणकात 'दरातील बदल' हा रकाना उघडला.

"सर, नव्या सॉफ्टवेअरमंदी तो रकाना..." रागिणी म्हणाली.

"मॅडम, तुमी पावत्या सांभाळा."

नव्या सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग मागच्या महिन्यात झालं. गोपालनं ऑनलाइन हजेरी लावली, कॅमेरा बंद केला आणि गिला वडा खायला गेला. त्या दीड तासात रागिणीला कळलं की जुना रकाना पॉइंटमध्ये होता, नवा टक्क्यात आहे. गोपालला फक्त वडा कळला.

त्यानं २५ टाकले आणि एंटर दाबलं. संगणकानं मुकाट्यानं आठात पंचवीस मिळवले, आणि चार हजार ठेवीदारांना एसएमएस पाठवून दिला की आपल्या ठेवीचा नवा दर ३३.०० टक्के.

वीस मिनिटांत नत्थुजी आले. रिटायर्ड मास्तर, हातात कापडी पिशवी. "टेकाडे, चार लाख आहेत. पावती फाडा."

त्यांनी मोबाईल पुढे केला. गोपालनं तो एसएमएस वाचला. एकदा पावतीवर सही झाली की वर्षभर तेहतीस टक्क्यानं संस्था बांधली गेली. मग धारणीलाही कुणी ठेवणार नाही.

"मास्तर, प्रिंटर बंद आहे," तो म्हणाला, आणि पायानं टेबलाखालची वायर ओढली.

नत्थुजी वाकले. "वायर निंगाली होती गड्या," म्हणत त्यांनी परत खुपसली. प्रिंटर आनंदानं घरघरला.

तोवर रांग दारापर्यंत गेली होती. फोन वाजला. बापूसाहेब मूर्तिजापूरला पोचले होते.

"लागला का दर?"

"लागला साहेब."

"लोकायचं काय म्हणनं आहे?"

"खूष आहेत."

फोन ठेवून गोपालनं नागपूरला सॉफ्टवेअरवाल्या सोहमला लावला. "अबे, हा रकाना काहून बदलवला? जनम गेला आमचा पॉइंट टाकण्यात. पयले तो तेहतीस काढ."

"दोन मिनिटं द्या सर," सोहम म्हणाला. पोरगा गुणी होता. त्यानं तेहतीसचे आठ केले, आणि सरांची तक्रार मनावर घेऊन रकानाही पुन्हा पॉइंटमध्ये करून टाकला. फक्त ते सांगायचं राहिलं.

गोपाल आता शहाणा झाला होता. टक्क्यात टाकायचं. त्यानं जपून ०.२५ टाकलं, तीनदा वाचलं आणि एंटर दाबलं. म्हणजे पाव पॉइंट. दर झाला आठ पूर्णांक आणि वर चिमूटभर, जी संगणकाला दाखवायलाही लाज वाटली. दुसरा एसएमएस गेला: आपला सुधारित दर ८.०० टक्के.

रांगेतले सगळे मोबाईल एकदम वाजले.

"तेहतीसचे आठ?" नत्थुजींनी पिशवी छातीशी धरली. "संस्था बुडून राहिली का रे?"

"माह्या जुन्या ठेवी बी काढा," मागून कुणीतरी ओरडलं. दार आतून लावायला गेलेला शिपाई बाहेर ढकलला गेला. गोपाल खुर्चीवर चढला. "ऐका, बेसिस पॉइंट म्हंजे..." त्याला पुढचं आठवेना. सकाळी झोपेत टाकत होता तेच.

तेव्हा दर्यापूरच्या पार्वताबाईंनी तोंड उघडलं. तासाभरापासून त्या बाकड्यावर पाय वर घेऊन गोपालचे सगळे फोन ऐकत बसल्या होत्या.

"काहून बोंबलून राहिले?" त्या म्हणाल्या. "हेक्टरात शंभर आर असतेत का नाई? तसे टक्क्यात शंभर पॉइंट. पंचवीस आर म्हंजे पाव हेक्टर, पंचवीस पॉइंट म्हंजे पाव टक्का. यानं पयले पंचवीस आराच्या जागी पंचवीस हेक्टर लिवले. मंग घाबरून पाव आर लिवला. आमच्या सातबाऱ्यावर बी तलाठ्यानं असंच केलं होतं."

"मंग दुरुस्त झालं का?" नत्थुजींनी विचारलं.

"बारा वर्स झाले. चकरा मारून राहिली."

लोक थोडे हसले, आणि हसले म्हणून थांबले. रांग पुन्हा रांगेसारखी दिसायला लागली. गोपालला वाटलं या बाईचे पाय धरावेत, पण ते अजून बाकड्यावरच होते.

त्याच वेळी बापूसाहेब आत आले. दोन्ही एसएमएस त्यांनी बडनेऱ्याला वाचले होते.

"सरक," ते गोपालला म्हणाले.

"साहेब, आता समजलं, रकाना पॉइंटचाच..."

"पॉइंट गेले मसणात. 'नवा दर' असा सरळ रकाना आहे का नाई? त्यात सव्वाआठ लिवतो. म्या चाळीस वर्स संस्था चालवली, तुह्यासारखे आर-हेक्टर नाई केले." त्यांनी चष्मा चढवला आणि एका बोटानं ८.२५ टाइप केलं. गोपाल मागं उभा. तो घर आणि पडदे विसरून फक्त त्या बोटाकडे पाहत होता.

संगणकानं विचारलं: सर्व खात्यांना लागू करायचे?

"साहेब, सर्व म्हंजे..." रागिणी म्हणाली.

"सर्वच," बापूसाहेब म्हणाले, आणि 'हो' दाबलं.

ठेवीदारांना सव्वाआठाचा एसएमएस गेला. रांग पुढं सरकली. नत्थुजींनी चार लाखांची पावती घेतली. बापूसाहेबांनी धारणीच्या बदलीचा कागद तिथल्या तिथे सही करून गोपालच्या हातात दिला.

चार वाजून दहा मिनिटांनी संस्थेच्या नऊशे बारा कर्जदारांना एसएमएस गेला, की त्यांच्या कर्जाचा दर साडेतेरावरून सव्वाआठ टक्के करण्यात आला आहे.