खाऱ्या पाण्यातला हात

“अवो, तुमच्या उवा काचेवर चढल्या पाहा,” रुपालीने स्वयंपाकघरातून हाक मारली, आणि अतुल मुनेश्वर हातातला घास ताटात टाकून उठला.

लोकांच्या घरी समोरच्या खोलीत दिवाण असतो, अतुलच्या घरी समुद्र होता. वर एक मोठी काचेची टाकी, तिच्यात दगड, थोडी पोवळी आणि एकुलता एक रंगीत मासा. खाली एक लहान टाकी, तिच्यात नुसता हिरव्या शेवाळाचा गुंता. दिसायला थेट भांडी घासायच्या घासणीसारखा. पण त्या घासणीच्या आडोशाला झिंग्याच्या जातीचे, मोहरीहूनही बारीक जीव वाढत. खालच्या टाकीत त्यांना खाणारं कुणी नसल्याने त्यांची पोरंबाळं सुखाने वाढत, आणि जास्तीचे झाले की पंपाच्या पाण्याबरोबर वर जात. वर राणी वाट पाहत असे. राणी म्हणजे तो मासा. जिवंत भक्ष्याशिवाय ती तोंड उघडत नसे. कोरडं खाद्य टाकलं की मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखी पाठ फिरवून बसायची. रुपाली त्या जिवांना उवा म्हणे, पण राणीशी ती रोज बोलत असे.

पांढरकवड्याहून समुद्र किती लांब, हे विचारण्यात अर्थ नव्हता. अतुलने तो पाहिलेलाच नव्हता. लग्नाआधी हैदराबादला माशांच्या दुकानात त्याने नोकरी केली, तिथे हे सगळं शिकला. गोणीतलं मीठ, गाळलेलं पाणी आणि खारेपणा मोजायची नळी एवढ्यावर त्याने आपला समुद्र कालवला होता. “समुद्रात पाह्यासारखं काय हाये? मीठ अन् पाणी. दोन्ही आपल्या घरी हायेत,” असं तो छातीठोकपणे सांगे. या सांगण्यात थापेचा भाग फार थोडा होता.

आज काचेवर पांढऱ्या ठिपक्यांची जत्रा भरली होती. अतुलने टॉर्च लावून पाहिलं आणि त्याला गाणं म्हणावंसं वाटलं. हैदराबादच्या जुन्या मालकाने दर शनिवारी या जिवांच्या बाटल्या भरून पाठवायला सांगितल्या होत्या. नागपूरहून निघणारी ट्रॅव्हल्स घरासमोरच्या हायवेवरूनच जात होती. पहिल्या खेपेच्या बाटल्यांतला एकही जीव वाटेत दगावला नव्हता. दिवाळी झाली की काउंटरवरची नोकरी सोडायची, हे अतुलने ठरवून टाकलं होतं.

काउंटर होतं फुलचंदशेठच्या कृषी केंद्राचं. बियाणं, खत आणि मुख्य म्हणजे फवारणीचं औषध. शेठ माणूस हसरा. तो गिऱ्हाइकांसमोर अतुलची चेष्टा करायचा. “इथं किडे मारतं अन् घरी किडे पोसतं. तुझी पार्टी तरी कोणती बे?”

“दिवाळीपर्यंत तुमची शेठ, दिवाळीनंतर किड्यायची,” अतुल म्हणे, आणि शेतकरीही हसत.

हसण्यावारी नेलं तरी अतुल या बाबतीत फार कडक होता. किडा आणि झिंगा लांबचे भाऊ, आणि औषधाला भाऊबंदकी कळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दुकानातला शर्ट अंगणातल्या तारेवरच राहायचा. आंघोळ केल्याशिवाय तो समोरच्या खोलीत पाऊल टाकत नसे. घरात डास फोडून काढत, पण मच्छर अगरबत्ती लागत नसे. रुपालीची आई एकदा मुक्कामी आली, ती दुसऱ्याच सकाळी “तुमच्या समुद्रात लय मच्छर हायेत बापा” म्हणून निघून गेली.

त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडअळीने माणसांची झोप उडवली होती. जो तो फवारत होता. एका औषधाने भागेना म्हणून दोन एकत्र करत होता. फवारणारे बहुतेक रोजाने येणारे. त्यांच्यातलाच एक श्रावण टेकाम. मुकुटबनच्या रस्त्याला त्याचा पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, होता. शेतमालकांसाठी औषध न्यायला तो दुकानात येई. अतुल त्याला फवारणीच्या पंपाला औषधाची किती झाकणं टाकायची ते सांगे, नाकाला रुमाल बांध म्हणे. श्रावण मान डोलवे. तेवढ्यावर दोघांची दोस्ती झाली होती.

एका रविवारी श्रावण सीताफळांची टोपली घेऊन घरीच आला.

“म्हटलं, अतुलभाऊचा समुद्र पाहून येतो. बजारात सारे सांगून राह्यले.”

तो खालच्या टाकीसमोर उकिडवा बसला. लोक वरच्या राणीपुढे उभे राहत. हा एकटाच खाली बसला, आणि टॉर्च लावायच्या आधीच त्याचं बोट काचेवर गेलं. “हा पाहा. हा दुसरा. याच्या पोटाले अंडे हायेत. अन् हा आडवा पवते.”

अतुल चाटच पडला. त्याला स्वतःला अंडी पाहायला भिंग लागत असे. “तुले असेच दिसते?”

“हे तं आमच्या नाल्यातले झिंगे होत, लहान केलेले. लहानपणी गवताच्या मुयात हात घालून बसायचो आम्ही. थंडे बसायचं, हालायचं नाई, मंग तेच येते बोटावर.” त्याने काचेवरचं बोट मागे घेतलं. “आता नाल्यात नाई राह्यले. काहून गेले, कोणास ठाऊक.”

अतुल चहा आणायला आत गेला. परतला तेव्हा श्रावण बाही वर करून धोतराला हात पुसत होता आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं फुललं होतं.

“हात घातलता मी आत. गुदगुल्या करते न बापा!”

अतुलने चहा तसाच खाली ठेवला. “आज फवारा मारला काय रे?”

“आज इतवार हाये. काल मारला. मंग साबण लावून आंघोय केली ना.”

अतुलचा जीव भांड्यात पडला. मधे एक अख्खी रात्र गेली होती आणि साबणाची आंघोळही झाली होती. चहा पिताना श्रावणची बशी थोडी हिंदकळली, त्याने एक-दोनदा धोतराने डोळे पुसले. अतुलचं मन शनिवारच्या बाटल्यांकडे लागलं होतं. त्याने ते पाहिलं, आणि सोडून दिलं.

सोमवारी सकाळी काच कोरी होती. टॉर्च लावून पाहिलं तर तळाशी पांढरी धूळ बसलेली. अतुलने खारेपणा मोजला, पंप पाहिला, पाण्याचा हात जिभेला लावला. सगळं जागच्या जागी होतं, फक्त समुद्र मेला होता. त्याने आधी राणीकडे वर जाणारी नळी बंद केली.

“काय झालं?” रुपालीने विचारलं.

“श्रावणचा हात,” तो म्हणाला. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते रुपालीने आजवर त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. श्रावणला, त्याच्या सीताफळांना, त्याच्या नाल्याला त्याने मनसोक्त शिव्या घातल्या. खिडकीत एकच बाटली उरली होती, मागच्या शनिवारी ट्रॅव्हल्स चुकली म्हणून राहिलेली. ती छातीशी धरून तो शिव्या देत राहिला.

रागारागातच त्याने दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने नेहमीचं औषध मागितलं. अतुलने बाटली काउंटरवर ठेवली, झाकणं किती ते सांगायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

आंघोळ करून, झोपून उठून हातावर जे उरलं, तेवढ्याने हजारो जीव गेले. मग ज्याच्या अंगावर ते उरलं, त्याचं काय? त्याला हिंदकळलेली बशी आठवली. पाणावलेले डोळे आठवले. कंपनीच्या लोकांनी शिकवलेली लक्षणं त्याला पाठ होती. घाम, तोंडाला पाणी, धूसर नजर, हाताला कंप. समोर चहा पीत बसलेल्या माणसात त्याला ती ओळखू आली नाहीत, कारण त्याचं लक्ष माणसाकडे नव्हतंच. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“शेठ, मी चाललो.”

“ऐन गर्दीत कुठी बे?”

“श्रावणले विष चढलं.”

“अरे, औषधाचा दोष नसते. मात्रेचा असते.”

“मात्रा मीच सांगतो, शेठ,” अतुल म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली.

श्रावण पोडावर नव्हता. त्याच्या बायकोने, सुखीबाईने, कामाच्या शेताकडे हात केला. वावरात माणूस दिसत नव्हता. कपाशीच्या वर नुसतं धुकं उडत होतं आणि पंपाची घरघर ऐकू येत होती. अतुल त्या आवाजाच्या मागे धावत गेला. श्रावण एका तासात, कपाशीच्या दोन ओळींमध्ये, उभा होता, थबकलेला, वाट चुकल्यासारखा. फवारा सुरूच होता आणि कपाशीवरून परतून त्याच्याच तोंडावर येत होता.

“श्रावण!”

“कोण होय?” त्याने विचारलं. अतुल हातभर अंतरावर होता.

अतुलने त्याच्या पाठीवरचा पंप उतरवला.

“दोन पंप राह्यले फक्त, भाऊ. मालक रागावते ना. हे डोयातलं धुकं सकाळीच असते, मंग जाते.”

“मालकाले मी पाहून घेतो. चाल.”

बांधावरच्या पाण्याने अतुलने त्याला डोक्यापासून धुतलं, आपला शर्ट त्याला घातला आणि पोडावरून सुखीबाईला मागे बसवून, श्रावणला मधे धरून गाडी पांढरकवड्याला आणली. तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत श्रावणला अतुलचं नावही धड घेता येईना. “एवढं लवकर कसं लक्षात आलं तुमच्या?” डॉक्टरांनी विचारलं. “संध्याकाळपर्यंत थांबला असता तर श्वास गेला असता.”

“याच्या हातानं माह्यी टाकी मेली, साहेब. म्हणून समजलं,” अतुल म्हणाला. खाटेवर श्रावणचे डोळे मिटलेले होते. कानही मिटले असतील असं अतुलने धरलं होतं.

त्या वॉर्डात श्रावणसारखे बरेच होते. अतुल जाऊन-येऊन राहिला, घरी गेला तरी टाकीसमोर बसायला सवड नव्हती. खिडकीतली बाटली राणीला घातली असती तर ती थोडे दिवस जगली असती. पण मग पुन्हा वाढवायला बी उरलं नसतं. एका दुपारी रुपालीचा फोन आला. उवा म्हणणारी बाई हुंदके देत होती.

“कोरडं टाकून पाह्यलं, नाही खाल्लं तिनं. पाठ फिरवून बसली ती बसलीच.”

“जाऊ दे,” अतुल म्हणाला. त्यालाही रडू आलं होतं, पण समोर सुखीबाई बसली होती. तिच्यासमोर माशासाठी रडणं त्याला बरं वाटलं नाही.

दिवाळीला त्याने शेठला किल्ल्या दिल्या. समुद्र मेलेला असताना नोकरी सोडतो म्हणजे याच्याच डोक्याला औषध चढलं, असं फुलचंदशेठ म्हणाला. टाक्या घासून अतुलने वाळवल्या, नवं पाणी कालवलं, हैदराबादहून शेवाळाची नवी घासणी मागवली आणि ती खिडकीतली बाटली हळूच ओतली. होणारच, असं तो रुपालीला रोज सांगे. आणि झालंही. थंडी पडता पडता काचेवर पहिले ठिपके चढले, आणि पुढे शनिवारच्या गाडीला बाटल्याही जाऊ लागल्या.

अशाच एका दुपारी दारात श्रावण उभा राहिला. अंगाने निम्मा झालेला, सुखीबाईच्या खांद्याला धरून आलेला. उंबरठ्याबाहेरच तो थांबला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“आत ये ना.”

“ना भाऊ. अथूनच बरं.”

रुपालीने आग्रह केला तेव्हा तो आत आला. टाकीसमोर उकिडवा बसला. हात तसेच मागे, एकमेकांत घट्ट अडकवलेले. तोंड त्याने काचेजवळ नेलं, आणखी जवळ नेलं.

“झाले काय पैदा?”

“झाले. काच भरली हाये, पाह्य.”

श्रावण बराच वेळ पाहत राहिला. “हिरवं हिरवं दिसते,” शेवटी तो म्हणाला. “बाकी नाई दिसत आता. डाक्टर म्हणे, एवढीच नजर राहीन.” मग हळूच पुढे म्हणाला, “तुह्ये ते झिंगे माह्या हातानं मेले ना, ते मी आयकलं होतं दवाखान्यात. मले मालूम नोतं, भाऊ. मी साबण लावला होता.”

अतुल उठला, श्रावणच्या मागे गेला आणि त्याच्या अडकवलेल्या हातांतला उजवा हात सोडवू लागला. श्रावणने तो ओढून घेतला.

“नको ना! मरतीन ते.”

“नाई मरत.”

“अन् मेले तं?”

“मेले तं पुन्हा करीन. मले येते.”

अतुलने त्याची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि तो हात मनगटाला धरून पाण्यात नेला, हिरव्या गुंत्यात, नाल्यातल्या गवताच्या मुळात न्यावा तसा. श्रावणची बोटं आधी काठीसारखी ताठ होती. मग ती हळूहळू सैल झाली. सुखीबाई दारातून पाहत होती. रुपाली चहाचे कप घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

“थंडा बस,” अतुल म्हणाला.

“मले सांगतं काय?” श्रावण म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले होते. तसे ते आता उघडे ठेवूनही फारसा उपयोग नव्हता.

थोड्या वेळाने त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

“आला एक,” तो म्हणाला.