सहा पिस्टन आणि कणकेचा गोळा

त्या रविवारी सकाळी नीलिमाला बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ राकेश साडेसातलाच गाडी घेऊन नव्या रायपूरला गेला होता. तिथला एक रुंद रस्ता परवानगी काढून बंद केला होता. दहा वाजता शर्यत. घड्याळ लावून एकेक गाडी सोडणार. आणि राकेशच्या गाडीचं इंजिन नीलिमाने बांधलं होतं.

जुनीच गाडी. एका रांगेत सहा सिलिंडर, टर्बो नाही, मूळची ताकद एकशे नव्वद हॉर्सपॉवर. "टर्बो बसवा आणि मोकळे व्हा," असं शेजारच्या मोठ्या गॅरेजवाल्या विशालने दहादा सुनावलं होतं. मग काय, बाई हट्टाला पेटली. रायपूरच्या उरला भागातल्या आपल्या छोट्या वर्कशॉपात सहा महिने खपून तिने हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातल्या, हवेच्या वाटा घासून मोकळ्या केल्या, व्हॉल्व्ह जास्त उचलणारे कॅमशाफ्ट बसवले, हेड छाटून कॉम्प्रेशन वाढवलं. "दोनशे वीस काढून दाखवीन," असं चारचौघांत बोलूनही बसली. बोलून बसायची खोड तिची जुनीच.

यात धोका एकच. हेड खाली येतं, व्हॉल्व्ह जास्त उघडतात, आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधली जागा कमी होते. वेगात ते भिडले की इंजिनाचा चुराडा. म्हणून आधी पिस्टनवर मऊ गोळा ठेवून हेड बसवायचं, इंजिन हाताने फिरवायचं, मग उघडून दबलेल्या गोळ्याची जाडी मोजायची. तिचे वडील धर्मपाल रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. ते यासाठी खिडकीच्या काचेची पुट्टी वापरायचे. नीलिमाने मोजलं त्या दिवशी पुट्टी संपलेली आणि दुकानं बंद. तिने घरून नुकत्याच मळलेल्या कणकेचा गोळा आणला, तेल लावलं आणि मोजलं. दोन मिलिमीटर. पुरेसं होतं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. विचारायला कोणी नव्हतं, आणि विचारायची तिला हौसही नव्हती.

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि आईच्या हातातलं लाटणं घेतलं.

"काहून घाई करून राहिली?" शेवंताबाई म्हणाल्या. "आत्ताच मळली मी. मुरू दे नं जराशी. अशी लाटशील तं पोळी मांगं आखडते."

पोळी खरंच आखडली. नीलिमाने पुन्हा लाटली, ती पुन्हा आखडून जाड झाली. नीलिमाचं लाटणं तिथेच थांबलं. व्हॉल्व्ह मागे सरकल्यावर पिस्टनवरचा तो गोळाही असाच फुगला असणार. तिने मोजलेले दोन मिलिमीटर फुगलेल्या कणकेचे होते. खरी जागा त्याहून कमी; किती, ते देवालाच ठाऊक.

राकेशचा फोन बंद. तिने पिठाच्या हातानेच स्कूटर काढली. तात्यापारा चौक मागे पडला, सिग्नल संपले, सरळ रिकामे रस्ते लागले, तरी स्कूटर जागची हलत नाही असंच तिला वाटत होतं. सांगायचं काय? ऑइलचं प्रेशर कमी आहे म्हणावं? खरं सांगणं तिच्या जिवावर आलं होतं.

ती पोचली तेव्हा राकेशची गाडी सुरुवातीच्या पट्टीवर उभी होती, आत तो हेल्मेट चढवून बसलेला. बाजूला शर्यतीच्या घोषणा करायला माइक घेऊन विशाल.

"आरपीएम पाच हजाराच्या वर नको नेऊ," ती खिडकीत वाकून म्हणाली.

"काहून? पॉवर तो साढ़े छह हजार पे आती है, दीदी. तूच त सांगतलं."

"मी म्हणते म्हणून."

"वजह बता." त्याने गिअर टाकला.

नीलिमा बॉनेटसमोर जाऊन उभी राहिली. "माझं माप चुकलं! पुट्टीच्या जागी कणीक लावली होती मी!"

विशालचा माइक चालूच होता. तिची कणीक त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेली. मग हशा पिकला. "दीदी, पूड़ी भी तल देना!" कोणीतरी ओरडलं. तिचे कान तापले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण ती बाजूला झाली नाही.

राकेश हसला नाही. त्याने इंजिन बंद केलं.

सोमवारी दोघांनी मिळून हेड उघडलं. पाचव्या पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी चकचकीत कोर उमटली होती. व्हॉल्व्ह आधीच एकदा टेकून गेला होता.

"असं कसं?" नीलिमा पुटपुटली. "मी तर पाच हजाराच्या वर नेलीच नाही."

राकेशने त्या कोरेवर बोट फिरवलं. "शनिवारी मी नेली होती," तो म्हणाला. "छह हजार. शर्यतीच्या आधी तू नको म्हटलं होतं, म्हणून तुले नाही सांगतलं. कल रेस में और पाँच सौ ऊपर ले जाने वाला था."

कालपासून कानात घुमणारा तो हशा नीलिमाच्या डोक्यातून पार निघून गेला. तिला एकदम रडू आलं. सकाळ-संध्याकाळ भिरभिरणारी ती बाई तिथेच तेलकट फरशीवर भावाशेजारी बसली, आणि बराच वेळ उठली नाही.