दोन किलो जास्त

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि गेली चाळीस वर्षे खोटे बोलत आलो आहे. स्वतःच्या मर्जीने एकदाही नाही.

कारखान्यात माझ्यावर पन्नास किलोचे वजन ठेवले, तेव्हा माझी सुई नेमकी पन्नासावर थांबली होती. तपासणाऱ्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला. आता आयुष्यभर खरे बोलायचे, असे मी समजलो. मग मला आजीने विकत घेतले.

तेव्हा ती आजी नव्हती. सहा वर्षांचा मुलगा आणि एक बॅग घेऊन परक्या देशात आलेली, हॉटेलच्या धुलाईखान्यात काम करणारी बाई होती. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून तिच्या हातालाच वजन कळे. घरी आणल्याबरोबर तिने मला उचलले, कडेचे दातेरी चाक फिरवले आणि माझी सुई शून्यावरून दोनवर नेऊन ठेवली. अंगावर काही नसताना दोन किलो! काचेच्या तेवढ्या भागावर तिने जाड चिकटपट्टी लावली आणि सगळ्यांना सांगितले, काचेला तडा गेला आहे. तडा कुठेही नव्हता.

पुढे घर वाढले, ओळखी वाढल्या. कोणीही प्रवासाला निघाले की बॅग घेऊन आधी आजीच्या दारात. तिचा नियम कडक होता. बॅग माझ्यावर उभी ठेवायची, उचलून घेऊन वर चढायचे नाही. कोणी चढू लागलेच तर म्हणायची, "कंबर धरली तर बॅगेला पोचवू की तुला?" विमानात मर्यादा तेवीस किलोंची. मी तेवीस म्हणेपर्यंत लोक मुकाट्याने सामान कमी करत.

मग विमानतळावर तीच बॅग एकवीस भरायची. आजी म्हणायची, बघ, जागा निघाली. आणि स्वतःच्या पिशवीतून खाऊचे एक गाठोडे काढून त्या बॅगेत ठेवायची. ते नेमके दोन किलोंचेच कसे, हा प्रश्न एकालाही पडला नाही. परत आल्यावर सगळे आजीच्या हाताचे गुण गायचे आणि मला म्हणायचे, काटा म्हातारा झाला, चळला. सूनबाई तर माझ्या भरवशावर एकोणीस वर्षे बिनसाखरेचा चहा प्यायली. दवाखान्यात वजन कमी भरले, की आजी सांगायची, डॉक्टर पेशंटला खूश ठेवतात. मी खाली पडून सगळे ऐकत असे. मला तोंड असते तर!

चार महिन्यांपूर्वी आजी गेली. परवा नातीची बॅग माझ्यावर उभी राहिली. ती दोन वर्षांसाठी दूर नोकरीला निघाली होती, आणि आजीशिवाय घरातून निघणारी ही पहिलीच. मी तेवीस दाखवले. मर्यादा तेवीसचीच, म्हणून तिने आधीच जड बूट बाहेर काढले होते. तरी धीर होईना. खात्री करावी म्हणून ती बॅग उचलून माझ्यावर चढली, मग नुसतीच चढली आणि वजाबाकी केली. एकवीस. तिने तीनदा करून पाहिले. मित्रांनो, दोन्ही वेळा मी दोन किलो जास्त सांगितले होते. वजाबाकीत ते खोटे आपोआप उडून गेले. आजी ही पद्धत का करू देत नव्हती, ते आता कळले असेल. नातीने चिकटपट्टी खरवडली. खाली सुई दोनवर, ऐटीत.

"म्हणजे एकोणीस वर्षं मी तो चहा उगाच प्यायले?" सूनबाई म्हणाली.

आजीचा मुलगा हसला नाही. जमिनीवर बसून त्याने हळूहळू सांगितले. देश सोडताना आईची बॅग दोन किलो जास्त भरली होती. सगळ्या रांगेसमोर ती उघडावी लागली. आईने तिच्या आईचा लोखंडी खलबत्ता काढला आणि तिथल्या बाकावर ठेवून दिला. "मी मागे बघायला लागलो, तर म्हणाली, चल, विमान थांबत नाही."

 मग नातीने बूट उचलले आणि बॅगेची चेन उघडली. दोन किलोंची जागा होतीच.

"बूट राहू देत," सूनबाई म्हणाली. "ते दोन किलो माझे आहेत." आणि ती आतल्या खोलीत गाठोडे बांधायला गेली.

मुलाने माझे चाक फिरवले. सुई शून्यावर आली. चाळीस वर्षांनी मी खरा झालो! त्या रात्री मी अगदी ताठ पडून होतो.

दुसऱ्या दिवशी लेकीला पोचवून सूनबाई एकटीच आधी घरात आली. डोळे पुसले, माझ्याजवळ बसली. धाकट्या लेकालाही पुढच्या वर्षी जायचे आहे, असे स्वतःशीच पुटपुटली आणि चाक फिरवून माझी सुई पुन्हा दोनवर ठेवली.

काय बोलणार? मित्रांनो, एवढीच विनंती. वजनकाटा नेहमी सपाट जागी ठेवा, त्याला ओलीपासून जपा. आणि तो रिकामा असताना काही किलो दाखवत असेल, तर चाकाला हात लावण्याआधी आईला एकदा विचारा.